गुऱ्हाळाची परिभाषा आणि कामाची प्रक्रिया

कामाच्या ठिकाणी चालणारी प्रक्रिया समजणे आणि तेथील वस्तूंची नावे माहीत असणे ह्या दोन भिन्न गोष्टी होत. नावे विचारून टिपून घेता येतात. प्रक्रिया मात्र एका टप्प्यातून दुसरा टप्पा कसा निघतो, कोणाचे काम कोणावर अवलंबून असते आणि कोणत्या क्षणी झालेली चूक पुन्हा सुधारता येत नाही, हे कळल्यावाचून समजत नाही. ह्या भेदाचे एक बोलके उदाहरण मराठी भाषेतच आहे. निष्फळ व लांबत जाणाऱ्या बोलण्यास 'चर्चेचे गुऱ्हाळ' म्हणण्याची रूढी आहे. घाण्याभोवती एकाच वर्तुळात फिरणारे बैल आणि रात्रंदिवस न थांबणारे काम दुरून पाहणाऱ्यास जसे दिसले, तसे ते ह्या वाक्प्रचारात उतरले असावे. आत काम करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र गुऱ्हाळाइतके वेळेचे कडक बंधन असलेले काम ग्रामीण भागात क्वचितच आढळेल. हे बंधन तेथील शब्दांत कसे नोंदले गेले आहे, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या दृष्टीने गडहिंग्लज तालुक्याचा परिसर विशेष उद्बोधक आहे. आंबोलीच्या डोंगरात उगम पावून पुढे घटप्रभेस मिळणाऱ्या हिरण्यकेशी नदीच्या काठी हे गाव वसले असून, कर्नाटकाची सीमा येथून जवळ आहे. ऊस हे येथील प्रमुख पीक आणि मराठी व कानडी ह्या येथील शेजारभाषा. मराठीतील 'गुऱ्हाळ' हा शब्द 'गूळ' ह्या शब्दाशी, म्हणजे निष्पन्न होणाऱ्या पदार्थाशी, नाते सांगतो. कानडीतील 'आलेमने' ह्या शब्दात 'आले' म्हणजे उसाचा घाणा व 'मने' म्हणजे घर. एका भाषेने कामाचा शेवट पाहून नाव दिले, तर दुसरीने कामाचे साधन पाहून. प्रक्रिया एकच असता नाव कोठून उचलले जाईल हे ठरलेले नसते. म्हणून केवळ नावावरून प्रक्रियेचा बोध होईल, अशी अपेक्षा करता येत नाही.

प्रक्रिया स्थूलमानाने अशी असते. तोडलेला ऊस चरकात घालून रस काढतात. पूर्वी चरक बैलांनी फिरवीत, पुढे इंजिन आले व नंतर विजेची मोटार आली. रस गाळून काहिलीत घेतात. एका वेळी काहिलीत उकळण्यासाठी घेतलेल्या रसास 'आदण' म्हणतात. प्रमाण मराठीतील 'आधण' म्हणजे तांदूळ वैरण्यापूर्वी चुलीवर ठेवलेले पाणी. घरात ती स्वयंपाकाची केवळ पूर्वतयारी असते; गुऱ्हाळात तोच शब्द कामाचे माप झाला आहे. दिवसाचे काम तासांत न मोजता आदणांत मोजले जाते. ह्याचे कारण उघड आहे. काढलेला रस फार काळ ठेवला तर आंबतो आणि उकळू लागलेला रस अर्ध्यावर सोडता येत नाही. म्हणून आदण हे रसाचे परिमाण तर आहेच, शिवाय ते एक अविभाज्य कार्य आहे.

रस तापू लागला की त्यातील प्रथिने व इतर अशुद्ध द्रव्ये साकळून वर येतात. ह्या कामी भेंडीच्या झाडाची खोडे व मुळे ठेचून पाण्यात काढलेला चिकट द्राव वापरण्याची जुनी पद्धत आहे. रसाची आम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळीही घालतात. आम्लता राहिली तर दीर्घ उष्णतेने साखरेचे विघटन होऊन गूळ नीट बसत नाही, आणि चुना अधिक झाला तर गुळाचा रंग काळवंडतो. वर आलेला थर काढून टाकतात. त्यास 'मळी' म्हणतात. पुढे रस आटत जाऊन सुमारे १०५ ते १०६ अंश सेल्सिअस तापमानास 'काकवी' तयार होते. तीच आणखी आटवून सुमारे ११६ ते ११८ अंशांपर्यंत नेली म्हणजे घट्ट गुळाची अवस्था येते. त्यानंतर काहील उतरवून पाक 'वाफ्या'त ओततात, तो ढवळून निववतात आणि साच्यांत भरून त्याच्या 'ढेपा' पाडतात.

ह्या शब्दांतील 'मळी' हा शब्द अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. गुऱ्हाळात मळी म्हणजे रस शुद्ध होताना, कामाच्या आरंभी, वर येणारा मळ. साखर कारखान्यात मात्र मळी म्हणजे साखरेचे स्फटिक वेगळे केल्यावर, कामाच्या शेवटी, मागे उरणारा दाट काळसर द्रव; मद्यार्क तयार होतो तो हिच्यापासून. गडहिंग्लज तालुक्यात हरळी येथे सहकारी साखर कारखाना आहे आणि त्याच परिसरात गुऱ्हाळेही चालत आली आहेत. त्यामुळे हे दोन्ही अर्थ एकाच शेतकऱ्याच्या कानी पडतात आणि त्याचा गोंधळ होत नाही. कारण कोणत्या कामाविषयी बोलणे चालले आहे हे त्याला ठाऊक असते. शब्दाचा अर्थ येथे पदार्थावर अवलंबून नसून प्रक्रियेतील स्थानावर अवलंबून आहे. त्या त्या टप्प्यावर नको म्हणून बाजूला सारले जाणारे ते 'मळी'. 'काकवी'चेही तसेच आहे. थांबले तर ती स्वतंत्र पदार्थ ठरते, पुढे गेले तर केवळ एक अवस्था. 'वाफा' हा शब्द तर शेतातून आलेला दिसतो: बांध घातलेली सपाट जागा हा त्यातील समान धर्म.

आता ही प्रक्रिया चालविणाऱ्यांकडे वळू. गुऱ्हाळातील प्रमुख जाणता माणूस म्हणजे 'गुळव्या'. मळी केव्हा काढावयाची, चुना किती घालावयाचा आणि काहील कोणत्या क्षणी उतरावयाची, हे तो ठरवितो. पाकाचे थेंब थंड पाण्यात टाकून त्यांची गोळी वळते की नाही, हे बोटांनी पाहणे ही त्याची कसोटी. बुडबुड्यांचा आकार, वास आणि पाकाचा रंग हीही त्याची प्रमाणे होत. काहील उतरण्यास थोडा उशीर झाला तर पाक करपतो आणि घाई झाली तर ढेप बसत नाही. दोन्ही बाबतींत नुकसान होते ते कोणा शेतकऱ्याच्या वर्षभराच्या उसाचे.

परंतु गुळव्या एकटा काही करू शकत नाही. चुलवाणात जाळ घालणारा माणूस सामान्यतः अशा जागी बसतो की त्याला काहिलीतील रस दिसत नाही. मळी वर येताना जाळ मंद हवा, नंतर तो प्रखर हवा आणि शेवटी पुन्हा आवरता हवा. हे त्याला गुळव्याच्या हाकेवरून व स्वतःच्या अनुभवावरून साधावे लागते. जाळण्यासाठी तो जी चिपाडे वापरतो ती आधीच्या उसाची, अंगणात पसरून वाळविलेली असतात. ती नीट वाळली नसतील तर आज काहिलीस ताव मिळणार नाही. अर्थात चिपाडे पसरणाऱ्याचे काम उद्याच्या गुळात उतरते. हे सर्वांत साधे गणलेले काम. त्याचे मोल प्रक्रिया समजल्यावाचून कळत नाही.

कामाच्या अभ्यासाचे जे शास्त्र पाश्चात्त्य देशांत उदयास आले, त्यात फ्रेडरिक टेलर ह्याचा १९११ मधील ग्रंथ प्रसिद्ध आहे. कामाचे सूक्ष्म विभाग पाडून प्रत्येकास लागणारा वेळ मोजणे आणि योजना करणारा व काम करणारा ह्यांत भेद करणे ही त्याची दिशा होती. ह्या पद्धतीने पुष्कळ कामे सुकर झाली, हे नाकारता येणार नाही. गुऱ्हाळात मात्र योजना व कृती एकाच माणसाच्या हातात असतात, कारण प्रत्येक शेतातील ऊस निराळा आणि प्रत्येक आदण निराळे. तापमापक उपयुक्त आहे. पण ह्या आदणात चुना किती घालावा, ह्याचे उत्तर तो देत नाही. यंत्रसज्ज साखर कारखान्यातही पाक शिजविणारा 'पॅनमन' मधूनमधून नमुना काढून काचेवर स्फटिक न्याहाळतो, ही गोष्ट ह्या संदर्भात ध्यानात घ्यावी.

भाषाभ्यासाच्या क्षेत्रात ही दृष्टी नवी नाही. ग्रियर्सन ह्यांनी १८८५ मध्ये बिहारमधील शेतकरी जीवनाविषयीचा जो शब्दसंग्रह प्रसिद्ध केला, त्यात शब्द वर्णानुक्रमाने न लावता कामांच्या व साधनांच्या क्रमाने लावले होते आणि ऊस गाळण्याच्या साधनांचाही त्यात समावेश होता. १९०९ मध्ये हायडेलबर्ग येथून 'शब्द आणि वस्तू' अशा अर्थाच्या नावाचे जर्मन नियतकालिक निघाले. वस्तूचा इतिहास पाहिल्यावाचून शब्दाचा इतिहास लिहू नये, हे त्याचे सूत्र होते. मराठीत त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या 'गावगाडा' (१९१५) ह्या ग्रंथाने गावातील कामे व परस्परसंबंध एकत्र पाहण्याचा धडा घालून दिला. गुऱ्हाळाचे उदाहरण ह्यापुढे एक पाऊल टाकावयास सांगते. वस्तूंबरोबर त्यांचा क्रमही नोंदला पाहिजे. 'मळी: रसावरील मळ' एवढी नोंद अपुरी आहे. ती कोण काढतो, केव्हा काढतो आणि न काढल्यास काय होते, हे नोंदीत आले तरच शब्द जिवंत राहील.

ह्या कार्यास आता विलंब करून चालणार नाही. कोल्हापुरी गुळास २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशनाची मान्यता मिळाली, परंतु नाव सुरक्षित झाल्याने काम सुरक्षित होत नाही. गुऱ्हाळांची संख्या रोडावली आहे. बाजार गुळाची पारख बव्हंशी रंगावरून करीत आल्याने, रंग उजळविण्यासाठी रासायनिक पूड वापरण्याचा मोहही वाढला. जेथे रंग पुडीने साधतो, तेथे भेंडीचा द्राव, मळी काढण्याची वेळ आणि गुळव्याची पारख ह्यांचे महत्त्व कमी होते. त्यांच्याबरोबर त्यांचे शब्दही जातात. ढेपेवरून प्रक्रिया दिसत नाही, हीच अडचण आहे.

विद्यार्थ्याने क्षेत्रकार्यास जाताना प्रश्नावलीबरोबर वेळही न्यावा. एक आदण चरकापासून ढेपेपर्यंत पूर्ण पाहावे, आणि गुळव्याइतकेच लक्ष चिपाडे पसरणाऱ्याच्या बोलण्याकडे द्यावे. असे करणाऱ्यास 'चर्चेचे गुऱ्हाळ' हा वाक्प्रचार पुढेही वापरता येईल. मात्र तो गुऱ्हाळाविषयी फारसे काही सांगत नाही, केवळ ते दुरून पाहणाऱ्याविषयी सांगतो, हे त्याच्या ध्यानात राहील.