आहोन : पाण्यातून काठावर

फिलिपिन्समध्ये दारिद्र्यातून वर येण्याला तागालोग भाषेत ‘आहोन’ म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यातून निघून जमिनीवर येणे असा असल्यामुळे, सात हजारांहून अधिक बेटांच्या त्या देशातील सोळा-सतरा वर्षांची मुले उत्कर्षाची जी कल्पना उराशी बाळगतात, तिचे मर्म या एका शब्दात उतरले आहे असे मला वाटते. घरदार पाण्यात ठेवून एकट्याने काठ गाठणे हा त्यांच्या लेखी उत्कर्षच नव्हे. आपले शिक्षण संपताच धाकट्या भावंडांच्या शिक्षणाचा भार उचलायचा, हे थोरल्या अपत्याला कोणी दस्तऐवज करून सांगत नाही. ‘उतांग ना लोओब’, म्हणजे अंतःकरणातील ऋण, या नावाने ते त्याच्या मनात बालपणीच रुजलेले असते.

1974 साली मार्कोस राजवटीने कामगार संहितेद्वारे परदेशातील नोकरभरतीला सरकारी अधिष्ठान दिले. तेव्हापासून परिचारिका, खलाशी आणि घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचा ओघ वाढत जाऊन 2023 मध्ये त्यांनी बँकांमार्फत मायदेशी धाडलेली रक्कम 33 अब्ज डॉलरांवर गेली. ज्या मुलाची आई हाँगकाँगमध्ये दुसऱ्याची लेकरे सांभाळते, त्याने बांबूच्या जागी सिमेंटच्या भिंती उभ्या राहताना पाहिल्या, साबण-चॉकलेट-बुटांनी भरलेली ‘बालिकबायान’ पेटी उघडली, आणि त्या सुबत्तेचे मोल आईच्या अनुपस्थितीने चुकते होत असल्याचेही त्याच वयात जाणले.

अलीकडे तेथे ‘दिप्लोमा की दिस्कार्ते’ असा वाद रंगतो. दिस्कार्ते म्हणजे आपल्याकडील हिकमत. हिकमतीचे मोल मी कमी लेखत नाही. परंतु 2017 च्या कायद्याने सरकारी विद्यापीठांतील शिक्षणशुल्क माफ झाल्यावरही प्रवासभाडे, खोलीभाडे आणि बुडालेली मजुरी यांचा प्रश्न शिल्लक राहत असता, गरीब मुलाला हिकमतीचा उपदेश करणे म्हणजे समाजाची जबाबदारी त्याच्या कोवळ्या खांद्यावर लोटणे होय, आणि ते मला अन्यायाचे वाटते.

2013 च्या कायद्याने शालेय शिक्षणात दोन वर्षांची भर पडली, तेव्हापासून हा प्रश्न अकरावीच्या उंबरठ्यावरच उभा राहतो: विद्यापीठाकडे नेणारी शाखा घ्यावी, की वेल्डिंग वा शुश्रूषेसारखे लवकर रोजगार देणारे शिक्षण घ्यावे, हे ठरविताना मूल आपल्या आवडीबरोबर धाकट्या बहिणीच्या शाळेची वर्षेही मोजीत असते.