पटकीचे विष कुणाचे?

पटकी, म्हणजे कॉलरा, हा जीवाणूंचा रोग. परीक्षेत असे लिहिले की गुण मिळतात, आणि ते उत्तर चूकही नाही. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात या रोगाशी ज्या वाकड्या, स्वल्पविरामासारख्या जंतूचा संबंध जोडला, तो ‘व्हिब्रियो कॉलरी’ हा अस्सल जीवाणूच आहे. पण हा जंतू ज्या विषाने माणसाला मारतो, ते मुळात त्याचे नाही. एका विषाणूने ते त्याच्यात आणून ठेवले आहे.

हे कळायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

जीवाणू ही स्वयंपूर्ण पेशी असते. तिला स्वतःची भिंत असते, ऊर्जा मिळवण्याची सोय असते आणि प्रथिने बनवणारे रायबोसोमही असतात. व्हिब्रियोची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटीएवढी, मागे पोहण्यासाठी एक शेपटी. खाडीच्या मचूळ पाण्यात, कोपेपॉड नावाच्या बारीक जलचरांच्या कवचाला चिकटून तो सुखाने राहतो. माणसावाचून त्याचे काहीही अडत नाही. विषाणूकडे यातले काहीच नसते. थोडी जनुके आणि त्यांभोवती प्रथिनांचे वेष्टन, एवढाच त्याचा संसार. पेशीबाहेर तो खात नाही, वाढत नाही. आत शिरला की पेशीचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढून घेतो. बहुतेक अँटिबायोटिके जीवाणूच्या भिंतीवर, रायबोसोमवर किंवा अशाच एखाद्या अवयवावर घाव घालतात. विषाणूकडे ते नसतातच. साध्या सर्दीला अँटिबायोटिकचा हट्ट धरणाऱ्या रुग्णाला डॉक्टर नाही म्हणतात, ते यामुळे.

आता विषाकडे येऊ. कॉलऱ्याचा जंतू मेल्यावर त्याच्या अंगातून विष सुटते आणि ते रक्तात भिनते, अशी समजूत बराच काळ रूढ होती. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी ती मोडून काढली. ज्या द्रवात जंतू वाढवले होते तो त्यांनी गाळला. त्यात एकही जंतू उरला नाही. मग तो द्रव सशाच्या आतड्याच्या बांधून घेतलेल्या तुकड्यात सोडला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. जंतू जिवंतपणीच विष बाहेर सोडतो आणि ते थेट आतड्यावर काम करते, हे १९५९ मध्ये असे सिद्ध झाले. प्रयोग साधा, खर्च किरकोळ, आणि महत्त्व मात्र प्रचंड. डे यांच्या वाट्याला हयातीत जेवढा मान यायला हवा होता तेवढा आला नाही, हे म्हटलेच पाहिजे.

हे विष आतड्याच्या पेशीत शिरते आणि तिथला एक रासायनिक खटका चालू स्थितीत अडकवून ठेवते. पेशी क्लोराइड बाहेर टाकत राहते, त्यामागून सोडियम आणि पाणी ओढले जाते. रोग तीव्र असेल तर माणसाच्या शरीरातून तासाला लिटरभर पाणी जाऊ शकते. मात्र साखर आणि मीठ जोडीने आत घेणारा पेशीचा दुसरा मार्ग विषाच्या तडाख्यातून वाचतो. जलसंजीवनीचा सगळा आधार तोच.

१९९६ मध्ये मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलॅनॉस यांनी दाखवून दिले की या विषाची जनुके धाग्यासारख्या एका विषाणूच्या जनुकसंचात आहेत. जीवाणूंना लागण करणाऱ्या विषाणूंना ‘फेज’ म्हणतात, हा त्यांपैकीच. तो व्हिब्रियोला मारत नाही. त्याच्या गुणसूत्रात जाऊन बसतो आणि पेशी दुभंगली की दोन्ही पेशींत वाटला जातो. यातली मेख पुढे आहे. व्हिब्रियोच्या अंगावरच्या ज्या केसांसारख्या तंतूंना धरून हा फेज आत शिरतो, तेच तंतू आतड्यात वस्ती करताना व्हिब्रियोच्याही कामी येतात. उंदरांच्या आतड्यात ही लागण प्रयोगशाळेतल्यापेक्षा जास्त सहज झाली. निरुपद्रवी व्हिब्रियोला मारेकरी बनवणारी ही भेट आपल्या पोटातही घडू शकते, असाच याचा अर्थ. घटसर्पाचीही हीच तऱ्हा: त्याच्या जीवाणूला विष पुरवतो तो फेजच.

सगळे फेज असे पाहुण्यासारखे राहत नाहीत. काही जण व्हिब्रियोला फोडूनच बाहेर पडतात. १८९६ मध्ये अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो, अशी नोंद केली. त्यामागे फेज असावेत, असे पुढे मानले गेले. यावरून गंगेचे पाणी निर्धास्त प्यावे असा निष्कर्ष काढणारे उत्साही लोक भेटतात. तो निघत नाही. ढाक्यातल्या अभ्यासात मात्र साथ ओसरत असताना पाण्यात आणि रुग्णांच्या विष्ठेत असे मारक फेज वाढलेले दिसले.

व्हिब्रियोही गप्प बसत नाही. फेजचा हल्ला निष्फळ करणारा जनुकांचा एक तुकडा काही व्हिब्रियो बाळगून असतात. त्यावर आयसीपी-१ नावाच्या फेजने शोधलेली तोड २०१३ मध्ये उघडकीस आली. घुसखोर विषाणूंची जनुके कापण्यासाठी जीवाणू वापरतात ती ‘क्रिस्पर’ यंत्रणा या फेजने कुठल्यातरी जीवाणूकडून उचलली आहे, आणि तिने तो व्हिब्रियोचा तोच संरक्षक तुकडा कापतो.