आठात एक

एका दिवसात नववीच्या पोरांना रोबोटिक्सही शिकवणार आणि कृत्रिम बुद्धिमत्ताही, असं विद्यापीठाच्या पत्रकात वाचलं आणि हे जमतं तरी कसं, ते बघायला गेलो. सकाळचा बराच वेळ दीपप्रज्वलन, सत्कार आणि मनोगतांत गेला. त्याबद्दल अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

प्रयोगशाळेत शिरताच सोल्डरिंगचा राळेसारखा वास आला. कोपऱ्यात प्रयोगशाळा सहायक निखळलेल्या वायरी जोडत बसले होते. सगळे त्यांना मामा म्हणतात. मान वर न करताच म्हणाले, "आठ पोरांत एक गाडी आहे साहेब. आठात एकच हात लावतो, बाकीचे खांद्यावरून बघतात."

गाडी म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या दोन पिवळ्या बीओ मोटरी, एक आर्डुइनो बोर्ड आणि पुढे जमिनीकडे तोंड केलेले दोन आयआर सेन्सर. पांढऱ्या फ्लेक्सवर काळी टेप चिकटवलेली. सेन्सर अवरक्त किरण सोडतो. पांढरा पृष्ठभाग ते परत पाठवतो, काळी टेप शोषून घेते. त्या फरकावर गाडी रस्ता धरते. प्रोग्राम मात्र आधीच भरून ठेवलेला. पोरांनी फक्त बटण दाबायचं! याला शिकवणं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

खिडकीजवळच्या वळणावर गाडी दर वेळी टेप सोडून भरकटायची. शिकवणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी लॅपटॉपवर कोड तपासत बसला. मामा उठून आले आणि मागे उभ्या असलेल्या एका मुलीला म्हणाले, "बाळ, तिथं उभी राहा, सावली पाड." ती उभी राहिली. गाडी सुतासारखी वळली. उन्हातही अवरक्त किरण असतात, सेन्सर त्यानं गोंधळतो, एवढंच मामांनी सांगितलं आणि परत सोल्डरिंगला बसले.

ही मुलं राज्य मंडळाच्या शाळेतली. सीबीएसईनं 2019 मध्येच नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय आणला. केंद्र सरकारच्या अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेमागे 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं. यांच्या शाळेत ती लॅब नाही. यांच्यासाठी हा एकच दिवस, आणि त्यातही आठात एक.

दुपारी गूगलचं टीचेबल मशीन. वेबकॅमसमोर फळ धरायचं, भराभर फोटो काढायचे आणि संगणकाला सांगायचं, हे सफरचंद, हा पेरू. एका गटानं सफरचंदाचे फोटो भिंतीसमोर काढले होते, पेरूचे खिडकीसमोर. मग खिडकीसमोर सफरचंद धरलं, तर पडद्यावर 'पेरू'. सगळे हसले. सकाळी सावली धरून उभी राहिलेली मुलगी याच गटात होती. तिनं सफरचंद बाजूला घेतलं. कॅमेऱ्यासमोर नुसती खिडकी, तरी 'पेरू'च.

"मामा, हे खिडकीलाच पेरू म्हणतंय! सकाळच्या गाडीसारखंच."

दोन्ही फळांचे फोटो दोन्हीकडे नव्यानं काढायचं तिनंच ठरवलं. त्यानंतर सफरचंदाला सफरचंद म्हटलं गेलं. यंत्र दिलेल्या फोटोंवरच शिकतं, फोटो एकांगी असले तर तेही एकांगी शिकतं, हे सकाळच्या एकाही मनोगतात आलं नव्हतं.

आयोजकांना विनंती एवढीच: पुढच्या वेळी गाड्या रिकाम्या द्या, प्रोग्राम पोरांना लिहू द्या, चुकू द्या. आणि आठांऐवजी तिघांत एक गाडी ठेवा. बीओ मोटर शंभर रुपयांच्या आत मिळते.