जुनी नौका, नवं इंजिन

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. नौका ओढून वर घ्यायची, दुरुस्त करायची, इंजिन बदलायचं, ते बहुधा याच दोन महिन्यांत.

पैसा आधी लाकडावर लावावा. हातोडीने फळ्या ठोकत जावं. धड लाकूड खणखणीत वाजतं, कुजलेलं बद्द. इंजिन ज्या लांब तुळयांवर बसतं, तिथल्या बोल्टांभोवती नीट बघा. डिझेल-तेल मुरून काळ्या पडलेल्या जागी टोचा सहज आत गेला, तर इंजिनाची खरेदी थांबवून आधी तुळई बदला.

जास्त हॉर्सपॉवरचा मोह महागात पडतो. पाणरेषेवर ३६ फूट भरणारी जड नौका साधारण ८ नॉटपर्यंतच सुखाने पळते. पुढे डिझेल भरमसाट जळतं, वेग जेमतेम वाढतो. गिअरबॉक्सचं प्रमाण बदललं, तर पंखाही नव्याने निवडावा लागतो. पंखा भारी झाला की इंजिन पूर्ण फेरे घेत नाही आणि काळा धूर ओकतं.

सर्वांत जास्त हयगय होते ती शाफ्टच्या जुळणीत. पाण्यात उतरल्यावर लाकूड फुगतं, नौकेचा आकार किंचित बदलतो. म्हणून शेवटची जुळणी तरंगत्या नौकेतच, दोनेक दिवसांनी करावी. कपलिंगच्या दोन तोंडांमधली फट चारही बाजूंनी फीलर गेजने मोजावी. ४ इंच व्यासाला फरक ०.१ मिलिमीटरच्या आत हवा. नाहीतर बेअरिंग आणि गिअरबॉक्सचं सील अकाली जातं.