वजन घटविण्यास पैशाची मदत होते काय?

सुवर्णतुला मराठी माणसाला परिचित आहे. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी शिवछत्रपतींची सोन्याने तुला झाली. तुलेचा हिशेब सरळ असतो: जितका भार अधिक, तितके सोने अधिक. २०१३ साली दुबईच्या नगरपालिकेने हा हिशेब उलटा केला. रमजानच्या सुमारास जो रहिवासी महिनाभरात किमान २ किलो वजन घटवील, त्याला घटलेल्या दर किलोमागे १ ग्रॅम सोने मिळेल, असे तिने जाहीर केले. बातमी गमतीची खरी. पण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न गंभीर आहे. अतिस्थूलतेबरोबर मधुमेह, रक्तदाब व हृदयविकार यांचा धोका वाढतो, हे आपणा सर्वांना ठाऊक असते. तरीही ताटातला शेवटचा लाडू सुटत नाही. जे ज्ञानाने साधत नाही, ते पैशाने साधेल काय?

अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे ५७ स्थूल व्यक्तींवर या प्रश्नाची कसोटी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. सोळा आठवड्यांत सुमारे सव्वासात किलो वजन उतरवायचे, असे सर्वांचे लक्ष्य होते. एका गटाचे महिन्यातून एकदा फक्त वजन घेतले जाई. दुसऱ्या गटासाठी रोज सोडत निघे. मात्र ठरलेले वजन साधलेल्यालाच बक्षीस मिळे. तिसऱ्या गटाने स्वतःचे पैसे अनामत ठेवावयाचे, त्यात तितकीच भर संशोधक घालणार, आणि लक्ष्य चुकले की ते सारे बुडणार! पहिल्या गटाचे वजन सरासरी पावणेदोन किलोंच्या आसपास घटले; सोडतीच्या गटाचे जवळजवळ सहा, आणि अनामतीच्या गटाचे सहा किलोंहून थोडे अधिक.

असे का व्हावे? लाडवाचा गोडवा आत्ता जिभेवर असतो. उत्तम प्रकृतीचे फळ मात्र वर्षांनी मिळावयाचे. दूरच्या मोठ्या लाभापेक्षा जवळचे छोटे सुख आपल्याला मोठे दिसते. रोजची सोडत लाभाला आजच्या दिवसात आणून ठेवते. शिवाय शंभर रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा शंभर रुपये गमावल्याचे दुःख अधिक बोचते. काहनेमन आणि ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली हा स्वभावधर्म सिद्धान्तरूपाने मांडला. अनामत ठेवणारा या दुःखालाच पहारेकरी नेमतो.

पैसा दूर गेला की त्याचा जोरही ओसरतो. अमेरिकेतच २०१३ ते २०१५ या काळात १९७ नोकरदारांवर दुसरा प्रयोग झाला. वजन घटविल्यास ५५० डॉलर मिळावयाचे होते. पण काहींना ते पुढील वर्षी विम्याच्या हप्त्यातील सवलतीच्या रूपाने. हप्त्यातील अशी सवलत पगाराच्या कागदात कुठेतरी लपून जाते. त्या सवलतीने वजनात म्हणण्यासारखी घट झाली नाही.

आता खरी अडचण. फिलाडेल्फियातील मंडळींना सात महिन्यांच्या सुमारास पुन्हा तोलले, तेव्हा बरेचसे वजन परत आले होते. गटागटांतील फरक इतका आटला की, तो निव्वळ योगायोगाचा नाही असे खात्रीने म्हणता येईना. याचा दोष केवळ मनाच्या दुबळेपणाला देणे अन्यायाचे होईल. वजन उतरले की शरीर दुष्काळ पडल्याप्रमाणे वागू लागते: भूक वाढविते आणि खर्च आवरते. पैसा थांबला तरी हा ओढा थांबत नाही. ब्रिटनमध्ये ५८५ स्थूल पुरुषांवर झालेल्या व २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षभर टिकणारी योजना आखली होती. प्रत्येकाच्या नावे ४०० पौंड मांडून ठेवले, टप्पा चुकला की त्यातून वजावट, आणि सोबत धीर देणारे संदेश. वर्षअखेर त्यांचे वजन सरासरी ४.८ टक्के घटले. काहीच न मिळालेल्यांचे १.३ टक्के.

तेव्हा आमचे मत असे की, पैसा माणसाला उंबऱ्याबाहेर काढतो, पण पुढची वाट त्याला स्वतःलाच चालावी लागते. कोणी मित्राशी पैज लावणार असेल, तर ती आठवड्याआठवड्याने तोलली जावी आणि वर्षभर चालावी. उपाशी राहून काटा फसविण्यावर ती नसावी. रोजच्या फेरफटक्यावर आणि ताटातल्या बेतावर असावी. पैज संपल्यावर खिशात काय उरले यापेक्षा अंगात कोणती सवय उरली, हेच शेवटी मोजावयाचे आहे.