एक हुद्दा, एक पेन्शन

मंडळी, एकाच गावचे दोन हवालदार धरा. हुद्दा एक, नोकरीची वर्षेही तितकीच. पण एक १९९५ साली घरी आला, दुसरा २०१३ साली. आता सांगा, पेन्शन कुणाला जास्त? अहो, धाकट्याला! पेन्शन ठरायची शेवटच्या पगारावर, आणि मधल्या काळात वेतन आयोगांनी पगार वाढवले. थोरल्याचीही वाढली, पण तितकी नाही. त्यातून कारकून साठीपर्यंत पगार घेतो. शिपायाला पस्तिशी-चाळिशीतच घरी यावे लागते. मग हा फरक तो उरलेला जन्मभर सोसणार.

निवृत्त मेजर जनरल सतबीर सिंग यांनी हे गाऱ्हाणे हाती घेतले. १५ जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतरवर माजी सैनिकांचे साखळी उपोषण सुरू झाले. हुद्दा जनरलचा, पण बैठक शिपायांच्या ओळीत!

७ नोव्हेंबर २०१५ ला सरकारी हुकूम निघाला. लाभ १ जुलै २०१४ पासून, फेरआकारणी दर पाच वर्षांनी. संघटना म्हणाली, दरवर्षी करा, नाहीतर फरक पुन्हा पडेलच. हिशेब खरा होता. पण १६ मार्च २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांचीच मुदत कायम केली. मात्र १ जुलै २०१९ पासूनची राहिलेली फेरआकारणी थकबाकीसह करा, असे बजावले.

गुरुजी, हा नियम कुटुंबपेन्शनलाही लागू आहे. गावात जवानाची विधवा असेल, तर तिचा पेन्शनचा कागद एकदा वाचून पाहा. हुद्दा किंवा नोकरीची वर्षे चुकीची पडली असतील, तर तिला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय गाठा.