दिवस गेले म्हणून बसून राहायचं?

'दोन जिवांची आहेस, जपून' असं घरातलं प्रत्येक मोठं माणूस गर्भवतीला सांगतं. त्यात माया असते. पण जपणं म्हणजे कमीत कमी हलणं, ही समजूत आता टिकत नाही. एके काळी डॉक्टरही असंच बिचकत. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने १९८५ मध्ये गर्भवतीच्या हृदयाचे ठोके मिनिटाला १४० च्या वर जाऊ नयेत अशी मर्यादा घातली होती. १९९४ मध्ये ती काढून टाकली. २०१९ मध्ये कॅनडातल्या तज्ज्ञांनी उपलब्ध संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये गरोदरपणातला मधुमेह आणि वाढता रक्तदाब यांची शक्यता सुमारे ४० टक्क्यांनी कमी दिसली. गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती वाढल्याचं आढळलं नाही. मनाई नसलेल्या गर्भवतींना जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत.

मग बायका चालत का नाहीत? आळस हे उत्तर सोपं आणि बहुतेकदा खोटं आहे. पहिले तीन महिने मळमळ आणि थकवा असतो, पुढे कंबर दुखते, अनेकींना फिरायला सुरक्षित रस्ताही नसतो. पण सगळ्यांत मोठा अडथळा भीतीचा. गर्भ पडला की 'जास्त चाललीस' हा ठपका तिच्यावरच येतो. वास्तविक, सुरुवातीच्या सुमारे निम्म्या गर्भपातांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो आणि तो बसून राहिल्याने टळत नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की आपल्या बायका दिवसभर राबतात, तोच व्यायाम नव्हे का? आक्षेप वजनदार आहे, पण त्याचं उत्तर पुण्याजवळच्या खेड्यांतूनच मिळतं. तिथल्या गर्भवतींच्या पोषणाचा जो मोठा अभ्यास झाला, त्यात शेतात आणि घरात फार कष्ट करणाऱ्या मातांची बाळं तुलनेने लहान आढळली. डोक्यावर पाण्याचे हंडे वाहणं, तासन्‌तास वाकून खुरपणं यात वेग, वेळ, विसावा यांपैकी काहीच तिच्या हातात नसतं, आणि ताटात पुरेसं अन्न असेलच असंही नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५२ टक्के गर्भवतींमध्ये रक्तक्षय आढळला. अशा बाईला 'रोज अर्धा तास चाला' सांगणं ही थट्टा आहे. तिला आधी विश्रांती, जेवण आणि लोहाच्या गोळ्या हव्यात. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या शहरी बाईचा प्रश्न नेमका उलटा आहे. दोघींना एकच सल्ला देणं चूक.

वार खाली असणं, गर्भपिशवीचं तोंड सैल असणं, अंगावरून पाणी जाणं, गरोदरपणात झटक्यांचा धोका निर्माण करणारा रक्तदाब, गंभीर हृदयविकार, तीव्र रक्तक्षय, यांपैकी काही असेल तर व्यायामाला डॉक्टरांचीच परवानगी हवी. चालताना रक्तस्राव, चक्कर, छातीत दुखणं किंवा नेमाने येणाऱ्या कळा जाणवल्या तर थांबून लगेच दवाखाना गाठावा. बाकीच्या बहुतेक जणींना चालणं, पोहणं, शिकवणाऱ्याच्या देखरेखीखालची योगासनं चालतात. मात्र संध्याकाळचा अर्धा तास आयता मिळत नाही. स्वयंपाकघरातून तो सोडवायचा असेल, तर तेवढा वेळ पोळ्या नवऱ्याने लाटाव्यात.